पडदा येथे, संगणक दूर

शाळेतील संगणकाचा पडदा उजळला की, सारा विचार त्या पडद्यातच चालतो, असा मुलांचा समज होतो. तो वेळीच दूर करणे अगत्याचे आहे. पडदा व गणन करणारे यंत्र ही दोन भिन्न अंगे असून त्यांच्यात शेकडो मैलांचे अंतर असू शकते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. आलेख व अक्षरे दाखविणारा पडदा हा त्या यंत्राचाच एक भाग होता. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने ‘प्लेटो’ या शिक्षणयोजनेत पडदा यंत्रापासून दूर नेला. १९७२ च्या सुमारास तेथील मध्यवर्ती संगणकास दूरदूरच्या शाळा-महाविद्यालयांतील पडदे टेलिफोनच्या तारांनी जोडले गेले.

यात अडचण होती ती तारेची. पडद्यावर आडवे ५१२ व उभे ५१२, म्हणजे एकूण २,६२,१४४ ठिपके होते. तारेतून मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारे सुमारे १२०० संकेत एका सेकंदात जात. प्रत्येक ठिपक्यासाठी एक संकेत धाडला असता तर एका चित्रास साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. म्हणून चित्राऐवजी चित्र काढण्याची आज्ञा धाडीत: ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढ.’ प्रत्येक आकड्यास ९ संकेत पुरत. रेघेच्या दोन टोकांचे चार आकडे ३६ संकेतांत मावत. रेघ पडद्याजवळचे यंत्र काढी. विद्यार्थ्याने कळ दाबली अथवा पडद्यास बोट लावले की, ती वार्ता उलट दिशेने मध्यवर्ती संगणकाकडे जाई आणि उत्तराची पारख तेथे होई.

हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येते. फळ्यावर चौकटी आखून एका मुलास खडू द्यावा. दुसऱ्याने व्हरांड्यातून केवळ आकडे सांगावेत: ‘आडवे ३, उभे ५.’ बिंदू जोडले जाताच अंजनगाव सुर्जीच्या मुलांना परिचित असे विड्याचे पान फळ्यावर उमटेल. मग सांगणाऱ्यास मध्येच थांबवावे. खडू हाती असूनही चित्र अपुरे राहील.

दूरच्या संगणकावर अवलंबून असलेला पडदा उजळलेला असूनही स्तब्ध झाल्यास हाच प्रयोग आठवावा. दोष तारेत किंवा दूरच्या यंत्रात असू शकतो. मुलास रागावू नये. प्रथम जोडणी तपासावी व तोवर पाठ फळ्यावर पुढे चालवावा.