गाडीवरचे डांबर : दोष कोणाचा?

वैशाख लागला की दोन कामे हटकून सुरू होतात. घराच्या गच्चीवर कुरडया-पापड वाळू लागतात आणि रस्त्यावर डांबराची पिंपे तापू लागतात. गेल्या वैशाखात आमचे मेहुणे सहकुटुंब लग्नाला आले, तेव्हा त्यांची नवी पांढरी गाडी चाकांपासून दारांपर्यंत काळ्या ठिपक्यांनी माखलेली होती. वाटेत एका रस्त्यावर ताजे डांबर टाकलेले होते. तेथे ना फलक, ना वाहने अडवणारा माणूस. कचेरीत चौकशी केली, तर ठेकेदाराकडे बोट दाखवण्यात आले, ठेकेदार म्हणाला, “साहेब, बघून चालवायची होती.” अखेर खर्च मेहुण्यांनीच सोसला. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. तेव्हा प्रश्न असा, की दोष खरोखर कोणाचा?

आज रस्त्यावर ज्याला आपण डांबर म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिट्युमेन असते. तापले की ते पातळ होते, निवले की घट्ट. आपल्याकडे रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीजी-30’ प्रतीचे डांबर किमान 47 अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडू नये, असे भारतीय मानक सांगते. पण भर उन्हाळ्यातील दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्याही वर तापू शकतो. म्हणूनच डांबर फवारल्यावर पुरेशी खडी पसरणे, रोलर फिरवणे, सुटी खडी झाडून काढणे आणि थर धरेपर्यंत वाहतूक बंद वा संथ ठेवणे, हा सारा त्या कामाचाच भाग होय. यांतील एकही गोष्ट वाहनचालकाच्या हाती नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात जुलै 2018 मध्ये जे घडले, ते या दृष्टीने बोलके आहे. मलांडा आणि मिला मिला या गावांना जोडणाऱ्या, नुकत्याच दुरुस्त केलेल्या रस्त्यावरील डांबर सुटून वाहनांच्या चाकांना त्याचे जाड थर चिकटले. कित्येक गाड्यांचे टायर निकामी झाले. तेथील रस्ते खात्याने हवामानाचे कारण सांगितले खरे. पण नुकसान झालेल्यांना भरपाईचा मार्गही खुला केला.

आपल्याकडील कायदाही अगदीच मुका नाही. दिल्लीत चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे दगावली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली नगरपालिकेला जबाबदार धरले. लोकांच्या वाटेलगतची वास्तू सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यातून ठसले. तो खटला डांबराचा नव्हता, पण त्यातील न्यायबुद्धी येथेही लागू पडावी. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेले कलम 198-अ रस्त्याचे काम करणाऱ्यांना दंड सांगते; मात्र ते मृत्यू वा अपंगत्वापुरते आहे. गाडीच्या रंगासाठी दिवाणी दावाच उरतो, आणि सरकारविरुद्ध असेल तर त्याआधी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. काही हजारांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? बेफिकिरीचे फावते ते येथेच.

आमचे मत स्पष्ट आहे. ओला रस्ता वाहतुकीस मोकळा करणाराच पहिला जबाबदार. ठेकेदाराशी हिशेब त्या खात्याने करावा. नागरिकाला दारोदार फिरवू नये. ठळक फलक असूनही जो भरधाव जाईल, त्याने मात्र आपला वाटा मान्य करावा.

तोवर वाचकांनी एवढे अवश्य करावे. गाडी पुसण्यापूर्वी डागांची आणि रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत, वेळ व ठिकाण टिपावे, लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. मग डागांवर खोबरेल वा गोडेतेल लावून ते मऊ होऊ द्यावेत, मऊ फडक्याने टिपून साबणाच्या पाण्याने धुवावेत. पात्याने खरवडू नये. डांबराबरोबर रंगही निघतो.

मेहुण्यांनी गाडी आधी धुतली आणि तक्रार नंतर केली. पुरावा त्या साबणाच्या पाण्याबरोबरच वाहून गेला होता.