मुरूम लागेपर्यंत

परभणीच्या काळ्या मातीत घर बांधायचं, तर पैसा आधी जमिनीत पुरावा लागतो. भाचीच्या प्लॉटवर पाया खोदताना मी काठावर उभी होते. नकाशावर पायाची खोली पाच फूट लिहिलेली. मिस्त्री म्हणाले, "ताई, कागदावर पाच असू द्या. आपण मुरूम लागेपर्यंत जायचं."

जेसीबी येण्याआधी वीतभर माती गवतमुळ्यांसकट खरवडून काढली. मग आखणी. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, सहा-आठ-दहा फुटांचा त्रिकोण धरून काटकोन तपासला, कर्ण मोजले आणि मगच फक्कीच्या रेघा ओढल्या. इथली दोन बोटांची चूक पुढे फरशी बसवताना हमखास डोकं वर काढते.

खड्डा खोल गेला तसे कापलेल्या बाजूत थर दिसू लागले. वर भुसभुशीत काळी माती, उन्हाळी भेगा हात-दीड हात खाली उतरलेल्या. त्याखाली चिकट थर, बकेटच्या दातांनी त्यावर चकचकीत चरे उमटत होते. मग चुनखडीचे पांढरे खडे. पाच फुटांवर मिस्त्रींनी पहार मारली, तर ती थप्प करून रुतली आणि काळा लगदा घेऊन वर आली. भाचीच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. प्रत्येक जादा फुटाचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. साडेसहा फुटांना पिवळसर, कणीदार मुरूम लागला आणि पहार ठण्ण वाजली.

तो दीड फूट वाचवू नये, असं मी कुणालाही सांगेन. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पावसाळ्यात पाणी पिऊन ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तडे जास्त जातात ते हलक्या, एकमजली घरांना, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरेल एवढं वजन त्यांच्यात नसतं. मुरूम फारच खोल असेल, तिथे तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल घालतात. हे तंत्र आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलं. ऋतूंप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर, त्यांचा पाय टेकतो.

उपसलेली माती मोकळी होऊन वाढते, म्हणून खड्ड्याच्या मापाने काढलेल्या ब्रासांपेक्षा ट्रॅक्टरच्या खेपा जास्तच होतात. तरी ती काठावर ढीग करून ठेवू नये. खड्डा दीड मीटरच्या खाली गेला की बाजूंना उतार किंवा फळ्यांचा आधार हवाच. आत वाकून तळ साफ करणारी माणसं असतात. छोट्या घरांच्या कामावर हे सर्रास टाळलं जातं, आणि त्याची मला फार चीड येते.

तळ साफ झाल्यावर त्याच दिवशी पीसीसी ओतलं, कारण आभाळ भरून आलं होतं आणि पाणी मुरलेला तळ पुन्हा खरवडावा लागतो. पुढे जोत्याच्या भरावाला तीच काळी माती फुकटात वापरायची सूचना निघाली. मिस्त्रींनी ती ऐकूनही घेतली नाही. मुरूम मागवला, वीतभराचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुम्मस.