तरवड

टेंभुर्णी हे गावाचे नाव तसेच एका झाडाचेही, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु गावाबाहेर माळावर व बांधावर जो तरवड पदोपदी भेटतो, त्याजकडे थांबून पाहणारा विरळा. जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून त्यास निरुपयोगी समजण्याची चाल पडली आहे.

स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली त्यास 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली; पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे असतात, त्यांवरून हे नाव पडले. हल्ली शास्त्रज्ञ त्यास 'सेन्ना ऑरिक्युलाटा' म्हणतात. टाकळा व सोनामुखी ही याची भावंडे होत. बहावा जरा दूरचा आप्त.

फुलात पुंकेसर दहा. पैकी वरचे तीन खुरटे व वांझ. मध मुळीच नाही. पराग आहेत, परंतु ते बंद कोशांत, आणि कोशाच्या टोकाशी केवळ बारीक छिद्र! भुंगा फुलास घट्ट बिलगतो व पंख न पसरता अंगाचे स्नायू थरथरवितो; तेव्हा छिद्रातून पराग उडतात. ही किमया मधमाशीस साधत नाही.

पूर्वी मोटेचे चामडे कमावण्यास बाभळीप्रमाणेच तरवडाची साल वापरीत. सालीतील तुरट द्रव्य कातड्यात मुरले म्हणजे ते कुजत नाही. पुढे इंजिने आली, मोटा गेल्या, आणि सालीची ही गरजही सरली.

उजनीचे पाणी आले, ऊस आला, हे आमचे भाग्यच. परंतु बांध साफ करताना तरवड समूळ उपटला जातो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वांग्याच्या फुलाचे परागकोशही असेच टोकाशी छिद्र असलेले. तेथेही थरथरविणारा भुंगाच अधिक कामाचा. बांधावरचे त्याचे अन्न आपण तोडले, तर मळ्यात तो कशास येईल?

प्रभूने आपल्या शिष्यांस रानफुलांकडे पाहावयास सांगितले, ते उगाच नव्हे. विद्यार्थ्यांनी एका सकाळी तरवडापाशी घटकाभर उभे राहून भुंग्याचा गुंजारव ऐकावा. आणि पालकांनी बांधाच्या एखाद्या कोपऱ्यावर तरी एक झुडूप राखावे, एवढीच आमची विनंती आहे.