आजार वाढला, की घाव बसला?

गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांचा एक मुलगा पायाला पत्रा लागून माझ्या दवाखान्यात आला. मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. बाहेर पेशंटची रांग होती आणि मी घाईत होतो. वडिलांनी त्याचे पाय धरले, कंपाउंडरने हात धरले, आणखी दोघांनी खांदे दाबले. ‘हलू नको, हलू नको’ असे ओरडत मी चार टाके घातले. दहा दिवसांत जखम भरली. काम चोख झाले, असे मला वाटले.

महिन्याभराने त्याची आई एकटीच आली. मुलगा रात्र रात्र झोपत नव्हता. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली होती. तो स्वतःचे मनगट चावायचा, वडिलांना जवळ येऊ देत नसे आणि दिवसभर एकच म्हणायचा, ‘हलू नको, हलू नको.’ मी म्हणालो, “वहिनी, या मुलांचं असं होतंच. आजार थोडा वाढलाय.” त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, आधी असं नव्हतं हो. त्या दिवसापासून सुरू झालंय.”

वाचकहो, त्या माउलीचे बरोबर होते आणि माझे चुकले होते. मुलगा काय घडले ते सांगत होता, माझ्याच शब्दांत!

स्वमग्नता जन्मापासून असते. ती एका रात्रीत वाढत नाही. म्हणून अशा मुलात किंवा मोठ्या माणसात अचानक बदल झाला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नये. ‘याच्या बाबतीत काय घडले?’ हा प्रश्न विचारावा. अपघात, मारहाण, चिडवणे, कोंडून ठेवणे, लैंगिक अत्याचार यांनी कोणाच्याही मनावर आघात होतो. परंतु अनेक स्वमग्न व्यक्तींना आवाज, वास, स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट, जसे जबरदस्तीने केस कापणे किंवा दाबून धरून इंजेक्शन देणे, त्यांना जिवावर बेतल्यासारखी वाटू शकते. शिवाय ज्याला बोलता येत नाही, तो तक्रार करणार कशी? त्याची तक्रार वागण्यातून बाहेर पडते.

लक्षणे कोणती?

झोप उडणे, दचकून उठणे, जेवण कमी होणे, आलेले शब्द किंवा सवयी हरवणे, स्वतःला इजा करणे, ठरावीक जागा, माणूस किंवा वस्तू टाळणे, एकच वाक्य अथवा प्रसंग पुन्हा पुन्हा करून दाखवणे. मात्र आधी शरीर तपासून घ्यावे. दातदुखी, कानदुखी आणि बद्धकोष्ठ यांनीही अशी मुले बेचैन होतात.

उपचार काय?

घडलेले पुसून टाकणारी गोळी नाही. झोप किंवा तीव्र अस्वस्थता यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ काही काळ औषध देतात. पण कारण न शोधता नुसते गुंगीत ठेवणे हा उपचार नव्हे. मुख्य उपचार मानसशास्त्रीय आहे. भीतीची आठवण सुरक्षित वातावरणात, थोडी थोडी करून हाताळायला शिकवतात. स्वमग्न व्यक्तींसाठी त्यात बदल करावे लागतात. बैठक लहान, खोली शांत, बोलण्याऐवजी चित्रे, पुढे काय होणार हे आधीच दाखवणे आणि आईवडिलांना सोबत घेणे. दोन पावले पुढे, एक मागे, असे हे काम चालते.

सर्वांत आधी, ज्या गोष्टीने त्रास झाला ती थांबली पाहिजे. अत्याचाराचा संशय असेल तर लपवू नका. मुलांसाठी १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. देवऋषाकडे नेऊन बांधणे, मारणे म्हणजे जखमेवर दुसरी जखम. ज्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखवता येते. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता त्या मुलाविषयी. मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हा सर्वांनाच धडे दिले. दर रविवारी दवाखाना बंद असताना आई त्याला घेऊन येई. पहिले दोन रविवार तो रस्त्याच्या पलीकडूनच परत गेला. मी पांढरा कोट घालायचे सोडले. काय काय करणार याची चित्रे काढून भिंतीवर लावली. त्याला हात लावण्याआधी विचारू लागलो आणि त्याने मान हलवली की थांबू लागलो. वडिलांनीही घरी तेच केले.

सहा महिने झाले. तो आता झोपतो. मनगटावरचे वळ गेले. ‘हलू नको’ अजून कधीतरी ऐकू येते. टेबलावर मात्र तो चढत नाही. ओसरीच्या पायरीवर बसतो, आणि मी स्टेथोस्कोप घेऊन बाहेर जातो. रांगेतले पेशंट दोन मिनिटे थांबतात. त्या दिवशीही थांबले असते.