हर्णै : दुर्ग आणि बंदर

आंजर्ले येथील कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांस टेकडीवरून दक्षिणेस समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. त्यासमोर किनाऱ्यावर वसलेले गाव म्हणजे हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी). बहुतेक प्रवासी किल्ल्याचे छायाचित्र घेऊन परततात. खरे हर्णै मात्र सायंकाळी बंदरावर पाहावे.

सुवर्णदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे महत्त्वाचे ठाणे. १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्याकडून ते घेतले. मराठ्यांनीच आपले आरमार दुबळे केले, ही खंत आजही व्यक्त होते. किनाऱ्यावरील तीन उपदुर्गांपैकी गोवा किल्ल्याची तटबंदी पाहण्याजोगी आहे. कनकदुर्गावर दीपगृह, तर फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती आहे. २०२५ मध्ये सुवर्णदुर्गाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

किनारा उथळ असल्याने मोठ्या नौका खोल पाण्यातच नांगर टाकतात. मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि तेथेच तिचे ढीग मांडून लिलाव होतो. बोली इतकी भराभर चढते की, नवख्यास आकडा उमजेपर्यंत माल उचललेला असतो. पाहुण्यांस हे दृश्य रम्य वाटते. कोळी बांधवांस मात्र ते दुप्पट कष्टाचे, आणि म्हणूनच त्यांनी जेटीची मागणी अनेक वर्षे लावून धरली. पाहणाऱ्यांनी निदान गाड्यांची वाट अडवू नये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पावसाळ्यात किल्ल्यावर होडीही जात नाही.