मानवी शरीराचे रसायनशास्त्र : मूलभूत संकल्पना

मानवी शरीराचे रसायनशास्त्र म्हणजे शरीर ज्या मूलद्रव्यांचे, आयनांचे व रेणूंचे बनलेले आहे त्यांचा, तसेच त्यांच्यात अखंड चालणाऱ्या अभिक्रियांचा अभ्यास होय. श्वसन, पचन, स्नायूंची हालचाल, मज्जासंदेशांचे वहन या साऱ्या क्रिया अखेर अणू, आयन व इलेक्ट्रॉन यांच्या देवाणघेवाणीवर उभ्या आहेत. त्या समजून घेण्यासाठी उच्च रसायनशास्त्राची आवश्यकता नाही. अणू, आयन, बंध, संहती, परासरण, सामू आणि ऑक्सिडीकरण एवढ्या संकल्पना नीट आकळल्या, तरी शरीरशास्त्राचा पुष्कळसा भाग सुगम होतो. या सर्वांतून एक सूत्र जाते : पदार्थाच्या नुसत्या नावावरून त्याचा शरीरावरील परिणाम सांगता येत नाही. तो कोणत्या रूपात आहे, किती आहे आणि कोणाच्या सोबतीने आहे, यावर तो परिणाम ठरतो.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव 'रसायन' असे आहे व तेथे त्याचा अर्थ बल आणि दीर्घायुष्य देणारी चिकित्सा असा होतो. आजच्या बोलण्यात मात्र 'केमिकल' म्हणजे काहीतरी घातक, असा अर्थ रूढ झाला आहे. तो निराधार आहे. पाणी, मीठ, साखर ही रसायनेच होत. सजीवांच्या शरीरातील पदार्थ केवळ सजीवच निर्माण करू शकतात, अशी समजूत एके काळी शास्त्रज्ञांतही होती. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया हा मूत्रातील घटक प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजुतीला मोठा तडा गेला.

शरीरातील मूलद्रव्ये

वस्तुमानाचा विचार केल्यास शरीरात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८ टक्के, हायड्रोजन १० टक्के व नायट्रोजन ३ टक्के असतो. म्हणजे या चार मूलद्रव्यांनीच सुमारे ९६ टक्के शरीर घडते. वस्तुमानाऐवजी अणूंची संख्या मोजली, तर मात्र पहिला क्रमांक हायड्रोजनचा लागतो, कारण त्याचा अणू सर्वांत हलका आहे. उरलेल्या भागात कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, गंधक, सोडियम, क्लोरीन व मॅग्नेशियम येतात. त्यानंतरची मूलद्रव्ये इतकी अल्प असतात की त्यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात लोह अवघे ३ ते ४ ग्रॅम असते.

अल्प म्हणजे गौण नव्हे. शरीरातील आयोडीन काही मिलिग्रॅमांतच मोजावे लागते. परंतु अवटू ग्रंथीत तयार होणाऱ्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात. ते न मिळाल्यास ग्रंथी वाढून गलगंड होतो, आणि गर्भावस्थेत तीव्र उणीव राहिल्यास बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते असे दिसून आले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

अणू आणि आयन

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ या ठिकाणी होतो. 'शरीरात सोडियम असते' असे वाक्य पुस्तकात येते आणि त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात सोडियम पाण्यात टाकल्यास पेट घेतो असेही लिहिलेले असते. दोन्ही विधाने खरी आहेत. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी बाहेरच्या कक्षेतील एकुलता एक इलेक्ट्रॉन तो सहज गमावतो, आणि उरलेल्या १० इलेक्ट्रॉनांसह स्थिर असा धन प्रभारित आयन बनतो. शरीरात असतो तो हा आयन. धातुरूप सोडियम नव्हे. क्लोरीनचेही तसेच. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे जो विषारी वायू म्हणून सोडला गेला तो क्लोरीनचा रेणू. एक इलेक्ट्रॉन स्वीकारून ऋण प्रभारित झालेला क्लोराइड आयन मात्र आपल्या रक्तात, घामात व अश्रूंत निर्धास्त वावरतो. एका इलेक्ट्रॉनाच्या फरकाने पदार्थाचा स्वभावच पालटतो.

रक्तद्रवात सोडियम आयनांची संहती प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिमोल, तर पोटॅशियम आयनांची ३.५ ते ५ मिलिमोल असते. पेशींच्या आत हे चित्र नेमके उलटे असते : तेथे पोटॅशियम विपुल व सोडियम थोडे. ही विषमता आपोआप टिकत नाही. पेशीपटलातील एक प्रथिन ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकते व दोन पोटॅशियम आयन आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये या सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध लावला. त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मज्जातंतूतून संदेश जातो तो या विषमतेच्या बळावर. रक्तातील पोटॅशियम थोडेसे जरी मर्यादेबाहेर गेले, तरी हृदयाचा ठोका अनियमित होऊ शकतो तो याच कारणाने.

बंध, पाणी व मोठे रेणू

आयनिक बंधात इलेक्ट्रॉन दिला-घेतला जातो, तर सहसंयुज बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. पाण्याच्या रेणूत ही भागीदारी समसमान नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे अधिक ओढतो. त्यामुळे रेणूचे एक टोक किंचित ऋण व दुसरे किंचित धन बनते. परिणामी पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून राहतात आणि मिठाच्या आयनांना घेरून विरघळवतात. प्रौढ शरीराचे सुमारे ६० टक्के वस्तुमान पाण्याचे आहे.

कर्बोदके, मेद, प्रथिने व केंद्रकाम्ले हे शरीरातील मोठ्या रेणूंचे चार वर्ग कार्बनच्या साखळ्यांवर उभे आहेत. प्रथिनांपैकी काही विकरे असतात; ती अभिक्रियांचा वेग वाढवतात आणि स्वतः खर्च होत नाहीत. या रेणूंचा विस्तार त्या त्या स्वतंत्र लेखांत पाहावा.

संहती, मोल आणि परासरण

निवडक्षम पटलातून पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून अधिक संहतीच्या द्रावणाकडे जाते, या क्रियेला परासरण म्हणतात. तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवल्यास पाणी आत शिरून त्या फुगतात व फुटतात. म्हणून शिरेतून कधीही साधे पाणी देत नाहीत. नेहमीच्या सलाईनमध्ये प्रतिलिटर ९ ग्रॅम मीठ असते. या संहतीला पेशी फुगत नाहीत व आकसतही नाहीत.

परासरण पदार्थाच्या वजनावर नव्हे, तर विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. त्यासाठी मोल ही संकल्पना लागते. पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम घेतले की तो एक मोल होतो, आणि कोणत्याही पदार्थाच्या एका मोलात कणांची संख्या सारखीच असते : साधारणतः ६०२ या अंकावर २१ शून्ये. मोल हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करून विसरण्याची रीत आहे, ही खेदाची गोष्ट. कारण त्याचा प्रत्यक्ष उपयोग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका साध्या पाकिटात दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार जलसंजीवनीच्या (ओआरएस) एक लिटर द्रावणात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. वरवर पाहता हे आकडे विस्कळीत वाटतात. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८०, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठाचे ५८.५, म्हणजे २.६ ग्रॅममधून सुमारे ४५ मिलिमोल सोडियम मिळते. सायट्रेटच्या प्रत्येक एककात तीन सोडियम आयन असल्याने तेथून आणखी सुमारे ३० मिलिमोल येते. बेरीज ७५. सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण असे एकास एक राखलेले आहे.

याचे कारण आतड्याच्या पेशींत आहे. तेथील एक वाहक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना बरोबरच आत घेते, एकट्याला नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली होती. पटकीसारख्या रोगात आतड्याच्या इतर यंत्रणा बिघडल्या, तरी हा वाहक शाबूत राहतो. सोडियम व ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागून परासरणाने पाणीही जाते. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून हे साधत नाही.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. आधी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण अशा उपचारानंतर ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, असे घरगुती प्रमाण सांगितले जाते. साखर ग्लुकोजच्या दुपटीने का, तर साखरेचा रेणू आतड्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज असा दुभंगतो आणि वाहकाच्या उपयोगी त्यातला ग्लुकोजच पडतो. प्रमाण चुकणे मात्र धोक्याचे आहे. एक लिटरचे पाकीट 'औषध कडक व्हावे' म्हणून एका पेल्यात कालवले, तर संहती सुमारे पाचपट होते, रक्तापेक्षा कितीतरी अधिक. मग परासरणाची दिशा उलटते, शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात सोडियम घातक पातळीपर्यंत वाढू शकते. अतिगोड पेयांनी जुलाब वाढतात, तेही याच न्यायाने. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे.

आम्ल, आम्लारी व सामू

द्रावणातील हायड्रोजन आयनांची संहती दर्शवणारी सामू ही मापनश्रेणी डेन्मार्कचे सोरेन सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये सुचवली. श्रेणीतील एका एककाचा फरक म्हणजे संहतीत दहापट फरक. जठरातील सामू दोनच्या आसपास असतो, तर रक्ताचा ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. ही स्थिरता मुख्यतः कार्बोनिक आम्ल व बायकार्बोनेट यांच्या जोडीमुळे लाभते; अशा जोडीला बफर म्हणतात. आम्ल वाढल्यास बायकार्बोनेट ते पकडते, त्यातून कार्बन डायऑक्साइड बनतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर जातो. मूत्रपिंडे उरलेले काम सावकाश करतात.

इन्शुलिनच्या तीव्र अभावी मधुमेही व्यक्तीच्या रक्तात कीटोआम्ले साठतात, तेव्हा श्वास खोल व जलद होतो आणि त्याला ॲसिटोनचा गोडसर वास येतो. असा श्वास हा फुप्फुसाचा विकार नसून वाढलेले आम्ल बाहेर टाकण्याची शरीराची धडपड असते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. याउलट, 'अल्कधर्मी' पाणी पिऊन रक्ताचा सामू बदलतो ही जाहिरातीतील समजूत टिकणारी नाही. ते पाणी आधी जठरातल्या आम्लात पडते, आणि रक्ताचा सामू तर फुप्फुसे व मूत्रपिंडेच राखतात.

लोह, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड

इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण व मिळवणे म्हणजे क्षपण. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे चार अणू असतात, आणि त्यांच्यावर दोन धन प्रभार असतील तरच ते ऑक्सिजन वाहून नेतात. आणखी एक इलेक्ट्रॉन गेला की मेथहिमोग्लोबिन बनते व वहन थांबते. नायट्रेटचे प्रमाण अधिक असलेल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजल्यास तान्ही बाळे निळी पडतात, त्यामागे हीच अभिक्रिया आहे.

आहारातही लोहाचे रूप महत्त्वाचे ठरते. धान्य व पालेभाज्यांतील लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे क्षपण करून शोषण सुलभ करते, तर चहातील टॅनिन त्यास अडवते. त्यामुळे पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने उत्तम, आणि त्यांच्याबरोबरच चहा घेण्याची तितकीच गैरसोयीची आहे.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू लोहाच्या त्याच जागी, ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे बसतो. हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी हिमोग्लोबिन अडकून पडते. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर, दार-खिडक्या लावून खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी यांतून हा वायू अपूर्ण ज्वलनामुळे निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, भोवळ येते आणि शुद्ध हरपते. अशा व्यक्तीला प्रथम मोकळ्या हवेत आणतात व नंतर ऑक्सिजन देतात. हा बंध घट्ट असला तरी कायमचा नसतो : साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजन दिल्यास, त्याच जागेसाठीच्या स्पर्धेत ऑक्सिजनचे रेणू कितीतरी अधिक असल्याने, तेच काम सुमारे दीड तासात होते.