आकाशाची हजेरी

रोज सकाळी डोंगरावर जाऊन बसायचं आणि डोक्यावरून जाणारे शिकारी पक्षी मोजायचे. हे काय काम झालं? पण याच कामानं एका विषाचा माग काढून दिला.

‘चारवर एक!’

कुणीतरी ओरडतं आणि खडकांवर बसलेल्या सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच बाजूला वळतात. ‘चार’ म्हणजे समोरच्या डोंगररांगेतला चौथा उंचवटा. आकाशात ना पाटी ना पत्ता, मग पक्षी कुठं दिसतोय हे शेजारच्याला सांगायचं कसं? म्हणून इथल्या लोकांनी क्षितिजावरच्या उंचवट्यांना एक ते पाच असे आकडेच देऊन टाकलेत. चारवर एक ठिपका. आधी चिलटाएवढा. मग त्याला पंख दिसायला लागतात, मग शेपटी, आणि तो डोक्यावर येईपर्यंत कुणीतरी नाव सांगून मोकळं झालेलं असतं.

हे ठिकाण हॉक माउंटन. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, किटाटिनी नावाच्या लांबलचक डोंगररांगेवर. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड हजार फूट, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण एक तृतीयांश. पण जागा मोक्याची. थंडी पडायला लागली की उत्तरेकडचे ससाणे, गरुड दक्षिणेला निघतात. एवढ्या लांब पंख मारत जाणं परवडणारं नसतं. वायव्येचा वारा या रांगेवर आपटतो आणि वर उसळतो. पक्षी त्या उसळत्या वाऱ्यावर पंख पसरून नुसते तरंगत पुढं जातात. फुकटचा प्रवास! ब्रॉड-विंग्ड हॉक नावाचा छोटा शिकारी पक्षी तर ऊन तापल्यावर वर चढणारी गरम हवा शोधतो, तिच्यात गोल गोल फिरत उंच जातो आणि तिथून पुढच्या गरम झोताकडं घसरत सुटतो. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचे थवेच्या थवे असे भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. तेव्हा मोजणाऱ्याची खरी परीक्षा. हातात टिकटिक दाबायचा काउंटर, आजी जपाला वापरते तसाच.

आता ऐकायला छान वाटतं, पण याच खडकांवर एकेकाळी दुर्बिणी नाही, बंदुका घेऊन माणसं यायची. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे चोर, असा समज. १९२९ मध्ये राज्यानं एका गॉसहॉकमागं पाच डॉलरचं बक्षीसच लावलं. गोळी मारणारा थोडाच आधी जात विचारतो? जे उडत येईल ते खाली पडायचं. १९३२ मध्ये रिचर्ड पॉ नावाचा तरुण तिथं गेला. त्यानं मेलेले पक्षी गोळा केले, जमिनीवर रांगेत मांडले आणि फोटो काढले.

ते न्यूयॉर्कच्या रोझाली एज यांच्यापर्यंत पोहोचले. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून लढलेली ही बाई. कायदा बदलण्याची वाट बघत बसण्याऐवजी तिनं १९३४ मध्ये डोंगराची सुमारे चौदाशे एकर जमीनच भाड्यानं घेतली आणि नंतर विकत घेऊन टाकली. राखणीला मॉरिस ब्रून या पक्षीनिरीक्षकाला ठेवलं. त्याची बायको अर्मा रस्त्यावर उभी राहून बंदूकवाल्यांना परत पाठवायची. (माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम तिचंच.) ब्रून डोंगरावर होताच, तर तो मोजायला लागला. महायुद्धात १९४३ ते ४५ अशी तीन वर्षं खंड पडला, तेवढा सोडला तर मोजणी आजतागायत चालू आहे.

मोजून काय झालं? त्या वह्यांमध्ये पांढऱ्या डोक्याच्या बाल्ड ईगलची मोठी आणि पिल्लं अशी वेगळी नोंद असायची. पिल्लांचं डोकं पांढरं नसतं, त्यामुळं लांबूनही कळतं. १९३५ ते ३९ या काळात दिसलेल्या गरुडांत ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते ५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. आणि १९५७ मध्ये तर ३२ मोठ्या गरुडांमागं एकच पिल्लू! गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरात पाळणाच हलत नव्हता. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हे आकडे मांडले आणि बोट डीडीटीसारख्या कीटकनाशकांकडं दाखवलं. १९७२ मध्ये अमेरिकेनं शेतीतली डीडीटीची फवारणी थांबवली. गरुड परत वाढले.

अर्थात आकडा कमी झाला म्हणजे पक्षी मेले, असं लगेच म्हणता येत नाही. वारा फिरला तर पक्षी दुसऱ्या रांगेवरून जातात. हिवाळे उबदार झाल्यावर काही जण उत्तरेतच थांबतात, इतक्या खाली येतच नाहीत. म्हणून दर तासाला पक्ष्यांबरोबर वारा, ढग, तापमान हेही लिहायचं. ओळखू आला नाही तर ‘अनोळखी’ लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. आणि तासभर काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. ब्रूननं शून्य लिहायचा कंटाळा केला असता, तर त्याच्या मोठ्या आकड्यांनाही फारसा अर्थ उरला नसता. हे शिकायला आज जगभरातून तरुण मुलंमुली प्रशिक्षणार्थी म्हणून तिथं जातात.

आपल्याकडंही थोडी तशीच गोष्ट घडली. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडले जायचे. २०१२ मध्ये ते उघडकीला आलं आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार बंद केली. पाठीवर सॅटेलाइट टॅग लावलेल्या ससाण्यांनी मग आपला रस्ता दाखवला: भारत आडवा ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका. त्यातले काही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या आसपास किडे पकडत थांबतात.

बघायला जायचं तर दुर्बीण, वही आणि घड्याळ पुरे. पान उघडल्यावर आधी वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. टोपी विसरू नका, त्या पठारांवर सावली नसते.